मनगट मोडल्यावर: प्लास्टर, तारा की प्लेट?

नागपुरात मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत मनगट मोडलेला रुग्ण आला, एक्स-रे निघाला आणि डॉक्टरांनी "हाड सरकलं आहे" असे सांगितले, की नातेवाइकांचा पुढचा प्रश्न बहुधा ठरलेला असतो. प्लेट टाकावी लागेल, की तारांवर भागेल? या प्रश्नामागे खर्चाची चिंता असते, ऑपरेशनची धास्ती असते आणि ओळखीतल्या कुणाचा तरी अनुभव असतो. कुणाच्या आत्याचा हात नुसत्या प्लास्टरमध्ये बरा झालेला असतो, तर कुणाच्या मेव्हण्याची प्लेट टाकूनही मूठ वळत नसते. दोन्ही अनुभव खरे असतात आणि त्यांतून काढलेला निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो. कारण "मनगटाचे फ्रॅक्चर" या एका नावाखाली एकमेकांशी फारसे साम्य नसलेल्या दुखापती मोडतात.

कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडे शेजारी शेजारी उतरतात. अंगठ्याच्या बाजूचे रेडियस आणि करंगळीच्या बाजूचे अल्ना. मनगटावर येणारा बहुतांश भार रेडियस पेलते, म्हणून मोडतेही तेच. माणूस तोल जाऊन पडतो, स्वतःला सावरण्यासाठी हात पुढे करतो, तळवा जमिनीवर टेकतो आणि मनगट मागे वाकते. त्या क्षणी तळव्याकडची बाजू ताणली जाऊन तडकते आणि पंजाच्या पाठीकडची बाजू दाबली जाऊन चुरते. हा चुरा पुढच्या सगळ्या गोष्टीचे मूळ आहे. डॉक्टर हात ओढून हाड जागेवर बसवतात तेव्हा बाहेरून सगळे सरळ दिसते, पण मागच्या बाजूला आधार उरलेला नसतो. तिथे पोकळी असते. प्लास्टरच्या आत, सूज उतरत असताना, हाड पुन्हा त्या पोकळीत कलंडते.

पडण्याची कारणे वयानुसार बदलतात. जानेवारीत पतंगांच्या दिवसांत गच्चीवरून पडलेली मुले, नायलॉन मांजा टाळताना गाडीवरून फेकले गेलेले दुचाकीस्वार, इमारतीच्या कामावर परांचीवरून कोसळलेला मजूर यांच्या मनगटावर आदळणारा जोर मोठा असतो. हाड मजबूत असूनही ते फुटते आणि बऱ्याचदा सांध्याच्या पृष्ठभागापर्यंत चिरत जाते. दुसरीकडे न्हाणीघरात घसरलेली पासष्टीची बाई. ती उभ्या उंचीवरूनच पडलेली असते. जोर किरकोळ असतो, पण पाळी गेल्यानंतरच्या वर्षांत हाड विरळ झालेले असते. दोघांचे एक्स-रे शेजारी ठेवले तर नवख्याला सारखे दिसतील. उपचार मात्र सारखे नसतात, आणि नसावेतही.

या फ्रॅक्चरला ज्याचे नाव मिळाले तो अब्राहम कॉलिस डब्लिनचा शल्यविशारद. त्याने 1814 मध्ये त्याचे वर्णन केले तेव्हा एक्स-रेचा शोध लागायला अजून 81 वर्षे होती. तोवर बहुतेक वैद्य या दुखापतीला मनगटाचा सांधा निखळला असेच समजत. फ्रान्समधल्या ल्योंच्या क्लोद पूतोने कॉलिसच्या आधीच हे हाड मोडते असे लिहून ठेवले होते, पण इंग्रजी जगापर्यंत ते पोहोचले नाही. कॉलिसने नुसत्या हाताने चाचपून सांगितले, की सांधा शाबूत आहे, त्याच्या वर दीड इंचावर हाड मोडले आहे. त्याचे आणखी एक निरीक्षण होते आणि ते पुढे फार वादाचे ठरले. हात वाकडा राहिला तरी काही काळाने तो पुन्हा मोकळेपणी हलू लागतो आणि वेदनाही जातात, असे त्याचे म्हणणे. विसाव्या शतकात शस्त्रक्रिया सुधारली तसे या मताकडे जुन्या काळातली हतबलता म्हणून पाहिले जाऊ लागले. गेल्या पंधरा वर्षांतल्या चाचण्यांनी मात्र कॉलिसला निदान अर्धे तरी खरे ठरवले आहे. त्याकडे पुढे येऊच.

हाड बांधण्याची विद्या आपल्याकडे त्याहून कितीतरी जुनी. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात मोडलेल्या हाडांवर स्वतंत्र अध्याय आहे. बांबूच्या आणि झाडांच्या सालींच्या पट्ट्यांनी बांधायचे कसे ते त्यात आहेच, पण खरी नजर पुढे दिसते. थंडीच्या ऋतूत बंधन सात दिवसांनी सोडून पुन्हा बांधावे, समशीतोष्ण काळात पाच दिवसांनी आणि उष्ण ऋतूत तीन दिवसांनी. सैल बांधले तर सांधा स्थिर राहत नाही, आवळून बांधले तर सूज, वेदना आणि पू होतो, असा इशाराही तिथे आहे. विदर्भातल्या अनेक गावांत आजही हाडवैदाकडे आधी जातात. त्यांच्यापैकी काहींचा हात हलका असतो, हे नाकारण्याचे कारण नाही. पण सुश्रुताचा आवळण्याविषयीचा इशारा विसरला गेला की अनर्थ होतो. बांबूच्या काड्या कचकचून बांधलेला हात चोवीस तासांनी शहरात पोहोचतो तेव्हा कधी कधी बोटे थंड पडलेली असतात आणि आतले स्नायू मरू लागलेले असतात. जर्मन शल्यविशारद रिचर्ड फॉन फोल्कमान याने 1881 मध्ये या अवस्थेचे वर्णन केले, आणि बोटे आखडून कायमची वाकडी झालेला तसा हात नंतर कोणत्याही प्लेटने सरळ होत नाही. बोटे हलक्या हाताने सरळ करताना असह्य कळ येत असेल तर पट्टी असो की प्लास्टर, ते त्याच क्षणी सोडायचे असते. सकाळची वाट पाहायची नसते.

आता "अस्थिर" म्हणजे काय ते पाहू. बसवता येते पण बसून राहत नाही, ते अस्थिर. 1989 मध्ये बेल्जियमच्या लाफोंतेन आणि सहकाऱ्यांनी त्याच्या काही खुणा सांगितल्या: हाड मागच्या बाजूला 20 अंशांहून अधिक झुकलेले असणे, मागच्या बाजूचा चुरा, चीर सांध्यात जाणे, सोबत अल्नाही मोडणे आणि वय 60 च्या पुढे असणे. यांतल्या तीन किंवा अधिक खुणा जुळल्या तर प्लास्टरमध्ये हाड पुन्हा सरकण्याची शक्यता मोठी. पुढे एडिंबरामध्ये सुमारे 4000 फ्रॅक्चरांचा अभ्यास झाला आणि वय, चुरा व हाडाची आखूड झालेली लांबी हे घटक त्यात ठळकपणे पुढे आले. म्हणून प्लास्टर घातल्यावर पहिले दोन-तीन आठवडे दर आठवड्याला एक्स-रे काढतात. रुग्णाला तो वायफळ खर्च वाटतो. पण दहाव्या दिवशी सरकलेले हाड पुन्हा बसवता येते. सहाव्या आठवड्यात ते वाकडेच जुळलेले असते.

किती वाकडे चालते याचीही मापे आहेत. निरोगी रेडियसचा सांध्याकडचा पृष्ठभाग तळव्याच्या दिशेने साधारण 11 अंश झुकलेला असतो, करंगळीच्या दिशेने 22 अंश उतरता असतो आणि अंगठ्याकडचे टोक दुसऱ्या बाजूपेक्षा 11-12 मिलिमीटर पुढे गेलेले असते. हाड बसवल्यानंतरही ते 3 मिलिमीटरहून जास्त आखूड राहिले, मागे 10 अंशांहून जास्त झुकले किंवा सांध्याच्या पृष्ठभागात 2 मिलिमीटरहून मोठी पायरी राहिली, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा, अशी अमेरिकेतल्या अस्थिशल्यविशारदांच्या अकादमीची शिफारस आहे. यांतली पायरीची गोष्ट सर्वांत गंभीर. 1986 मध्ये नर्क आणि ज्युपिटर या दोघांनी तरुण रुग्णांवरच्या अभ्यासात दाखवले, की सांध्यात पायरी राहिली तर पुढे बहुतेकांच्या सांध्याची झीज एक्स-रेमध्ये दिसते. जगभरच्या शल्यविशारदांनी हा 2 मिलिमीटरचा आकडा पाठ केला. विशेष म्हणजे 2009 मध्ये ज्युपिटर यांनी स्वतः एका सहकाऱ्यासोबत आपला तो जुना अभ्यास पुन्हा तपासून त्याच्या पद्धतीतले दोष छापून मांडले. वैद्यकशास्त्रात इतका प्रामाणिकपणा रोज दिसत नाही. आकड्याची धार त्यामुळे थोडी बोथट झाली, तरी तरुण माणसाच्या सांध्याचा पृष्ठभाग शक्य तितका सपाट करावा हे तत्त्व टिकून आहे.

शस्त्रक्रियेचा एक जुना आणि स्वस्त मार्ग तारांचा. जर्मनीच्या मार्टिन किर्शनर याने 1909 मध्ये या तारा वापरात आणल्या आणि त्याच्या आद्याक्षरावरून त्यांना के-वायर म्हणतात. दीड-दोन मिलिमीटर जाडीच्या पोलादी तारा ड्रिलने त्वचेतूनच हाडात घातल्या जातात. चीर जवळजवळ नसते. हात बधिर करून, सी-आर्म या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर पाहत, अंगठ्याच्या बाजूच्या टोकातून एक-दोन आणि पाठीच्या बाजूने एक अशा तारा तिरप्या जातात आणि फ्रॅक्चर ओलांडून पलीकडच्या टणक हाडात रुततात. फ्रान्सच्या कापांजी याने 1976 मध्ये वेगळी युक्ती सांगितली. तार थेट फ्रॅक्चरच्या फटीत शिरवायची, तिचाच तरफेसारखा उपयोग करून मागे कललेला तुकडा उचलायचा आणि मग ती तशीच पुढच्या हाडात रोवायची. वरून प्लास्टर असतेच. चार ते सहा आठवड्यांनी तारा बाह्यरुग्ण विभागातच पकडीने ओढून काढतात. भूल लागत नाही.

तारांची मर्यादा त्यांच्या स्वभावातच आहे. त्या तुकड्याला बाजूला घसरू देत नाहीत, पण हाडाची लांबी पेलून धरत नाहीत. टणक हाडात त्यांची पकड उत्तम असते. विरळ, खूप चुरलेल्या हाडात त्या लोण्यात रुतलेल्या सुरीप्रमाणे सरकतात आणि हाड आखूड होत जाते. अंगठ्याच्या मुळाशी त्वचेखालून एका मज्जातंतूच्या बारीक फांद्या जातात. तार आंधळेपणाने घातली तर त्या दुखावतात आणि अंगठ्याच्या पाठीवर बधिरपणा किंवा आग राहते. आणि तारेचे टोक त्वचेबाहेर असेल तर तिथे जंतुसंसर्गाची वाट उघडी असते.

हा शेवटचा मुद्दा नागपूरसारख्या केंद्रात पुस्तकातल्यापेक्षा मोठा होतो. इथे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीहून, शिवाय शिवनी, बालाघाट, छिंदवाड्याहूनही रुग्ण येतात. जुलैत धानाच्या रोवणीच्या दिवसांत जिचे सगळे घर गुडघाभर चिखलात उतरते, अशा बाईच्या मनगटातून तारेची टोके सहा आठवडे बाहेर राहणार असतील, तर जखमेची निगा कोण घेणार, पट्टी कुठे बदलणार, तारा काढायला दीडशे किलोमीटर ती परत येणार का, हे प्रश्न उपचाराचाच भाग आहेत. काही शल्यविशारद अशा वेळी तारेची टोके कापून त्वचेखाली दडवतात. मग संसर्गाचा धोका घटतो, पण काढताना पुन्हा छोटी शस्त्रक्रिया लागते. एक्स-रे पाहून जो निर्णय सोपा वाटतो तो पत्ता पाहिल्यावर अवघड होतो.

दुसरा मार्ग बाहेरच्या सांगाड्याचा, म्हणजे एक्स्टर्नल फिक्सेटरचा. तर्जनीच्या मुळाशी पंजातल्या हाडात दोन पिना, मनगटाच्या वर रेडियसमध्ये दोन पिना, आणि त्यांना जोडणारा दांडा त्वचेबाहेर. दांडा लांबवला की मनगट ताणले जाते. सांध्याभोवतीचे अस्थिबंध हाडाच्या तुकड्यांना चिकटलेले असल्याने ते ताणले जाताच तुकडेही ओढले जाऊन रांगेत येतात. पण ओढून सगळे साधत नाही. सांध्याच्या मध्यभागी आत दबलेला तुकडा अस्थिबंधाला चिकटलेलाच नसतो, तो तिथेच राहतो. तळव्याकडचे अस्थिबंध पाठीकडच्यांपेक्षा आखूड आणि ताठर असतात, म्हणून नुसत्या ताणाने तळव्याकडचा झुकावही परत येत नाही. आणि जास्त ताणले तर बोटे आखडतात.

या मार्गाला महाराष्ट्रात स्वतःचा एक अध्याय आहे. मुंबईचे डॉ. बी. बी. जोशी यांनी बारीक तारा, हलक्या दांड्या आणि छोटे जोडखिळे यांपासून एक फिक्सेटर घडवला. 'जोशी एक्स्टर्नल स्टॅबिलायझेशन सिस्टिम' असे त्याचे नाव, आणि देशभरातल्या अस्थिविभागांत निवासी डॉक्टर त्याला सरळ 'जेस' म्हणतात. तो जन्मजात वाकड्या पावलांसाठी जास्त प्रसिद्ध झाला, पण हाताच्या आणि मनगटाच्या दुखापतींतही भरपूर वापरला गेला. परदेशी फिक्सेटरच्या तुलनेत तो हलका, स्वस्त आणि रुग्णाच्या हाताप्रमाणे जुळवता येणारा. सरकारी रुग्णालयांत शिकलेल्या कित्येक शल्यविशारदांनी मनगटाची शस्त्रक्रिया आधी जेसवरच शिकली. आज प्लेट सर्वत्र मिळते, त्यामुळे बंद फ्रॅक्चरसाठी फिक्सेटर मागे पडला आहे. पण जखम उघडी असेल, त्यात माती-डांबर गेले असेल किंवा रुग्ण इतर दुखापतींमुळे अत्यवस्थ असेल, तिथे आजही पहिल्या रात्री सांगाडाच कामी येतो. अमरावती रोडवर ट्रकने उडवलेल्या तरुणाच्या चिंधडलेल्या मनगटात त्याच रात्री प्लेट टाकणे कुणी शहाणा शल्यविशारद पसंत करणार नाही.

प्लेटची गोष्ट सर्वांत नवी. पूर्वी प्लेट पंजाच्या पाठीच्या बाजूने टाकत, कारण चुरा तिथेच असतो. पण त्या बाजूला हाड आणि बोटे सरळ करणारे स्नायुरज्जू यांच्यामध्ये जागाच नसते. प्लेटवर घासून घासून ते तुटत. शिवाय जुन्या प्लेटमधला स्क्रू हाडाला आवळून धरत असे. हाड ठिसूळ असेल तर आवळणारच कशाला? 2000 च्या सुमारास मायामीचे होर्हे ओर्बे यांनी तळव्याच्या बाजूने बसणाऱ्या, स्क्रू प्लेटमध्येच लॉक होणाऱ्या प्लेटला चालना दिली. स्क्रूच्या डोक्यावर आटे असतात, ते प्लेटच्या भोकातल्या आट्यांत घट्ट बसतात, आणि प्लेट व स्क्रू मिळून एकसंध चौकट होते. स्क्रूंची रांग सांध्याच्या पृष्ठभागाखाली टेकूसारखी उभी राहते. भार हाडाच्या घट्टपणावर अवलंबून न राहता या चौकटीतून वर जातो. म्हणून विरळ हाडातही ती टिकते, आणि तळव्याकडे मांसल थर असल्याने प्लेटला झाकणही मिळते.

फायदा पहिल्या आठवड्यांत दिसतो. प्लास्टर नाही किंवा थोडे दिवस, मनगटाची हालचाल लवकर सुरू, स्वतःचे स्वतः जेवता येते, बटण लावता येते. ज्याच्या कामाला हात लवकर लागतो, म्हणजे शिलाई करणारा कारागीर, ऑटोचालक, लहान मूल सांभाळणारी आई, त्याला हे आठवडे फार मोलाचे.

पण प्लेटचीही किंमत असते, आणि ती फक्त बिलावरची नसते. रेडियसच्या तळव्याकडच्या कडेवर एक उंचवट्याची रेषा असते. प्लेट तिच्या पुढे सरकवून बसवली तर अंगठा वाकवणारा स्नायुरज्जू तिच्या कडेवर घासतो आणि काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, एके दिवशी तुटतो. रुग्णाला अंगठ्याचे टोक वाकवताच येत नाही. स्क्रू एक-दोन मिलिमीटर लांब झाला आणि पाठीकडे बाहेर आला तर अंगठा उचलणारा रज्जू धोक्यात येतो. म्हणून सरावलेला शल्यविशारद मागचे स्क्रू मुद्दाम थोडे आखूड घेतो, आणि ऑपरेशन संपण्याआधी मनगट वाकवून सी-आर्मवर हाडाची पाठ वेगळ्या कोनातून तपासतो. सांध्याच्या तळव्याकडच्या, अल्नाशेजारच्या कोपऱ्यात एक लहान तुकडा असतो. तो प्लेटच्या पकडीतून निसटला तर अख्खा पंजा त्याच्याबरोबर पुढे सरकतो. छोटा दिसतो म्हणून तो सोडून देता येत नाही. फार चुरलेल्या मनगटासाठी, विशेषतः वृद्धाला पायाच्याही फ्रॅक्चरमुळे कुबड्यांवर भार द्यावा लागणार असेल तर, रेडियसपासून थेट पंजातल्या हाडापर्यंत जाणारी पुलासारखी लांब प्लेट तात्पुरती घालतात आणि सुमारे तीन महिन्यांनी काढतात.

प्लेट नवी, मजबूत आणि एक्स-रेमध्ये देखणी. त्यामुळे 2000 नंतर जगभर तिचा वापर झपाट्याने वाढला. पुरावा नंतर आला, आणि तो अनेकांना अडचणीचा वाटला. ब्रिटनमध्ये 18 रुग्णालयांत 461 रुग्णांवर 'ड्राफ्ट' नावाची चाचणी झाली. कोणाला तारा आणि कोणाला प्लेट हे नशिबावर सोडले होते. 2014 मध्ये निकाल छापला गेला. वर्षाअखेर रुग्णांनीच दिलेल्या वेदना आणि कामाच्या गुणांकात, जिथे 0 म्हणजे काहीच त्रास नाही आणि 100 म्हणजे सर्वाधिक, तारांचा गट 15.3 वर होता आणि प्लेटचा 13.9 वर. हा फरक रुग्णाला जाणवेल इतका नव्हता. पाच वर्षांनंतरही चित्र तेच राहिले. त्यानंतर ब्रिटनमध्ये प्लेटचे प्रमाण घटले आणि तारा पुन्हा वाढल्या.

पण ही चाचणी वाचताना एक ओळ सुटता कामा नये, आणि ती बऱ्याचदा सुटते. ज्यांच्या सांध्याचा पृष्ठभाग बाहेरून ओढून बसवता येत नव्हता, असे रुग्ण त्यात घेतलेलेच नव्हते. म्हणजे सांध्यात दबलेला तुकडा असलेल्या बावीस वर्षांच्या मुलाला या चाचणीच्या आधारे "तारा पुरतात" असे सांगता येत नाही. त्याच्यासाठी सांधा उघडून तुकडे जुळवणे आणि प्लेटने धरणे हाच आजचा रास्त मार्ग आहे.

ड्राफ्ट करणाऱ्या त्याच गटाची दुसरी चाचणी 2022 मध्ये आली. 36 रुग्णालये, 500 रुग्ण. या वेळी प्रश्न होता, हाड नीट बसवल्यावर तारा घालाव्यात की नुसते घडीव प्लास्टर पुरते? वर्षाअखेर दोन्ही गटांचे हात जवळजवळ सारखे होते. मात्र प्लास्टरच्या गटातल्या 13 टक्के रुग्णांचे हाड पहिल्या सहा आठवड्यांत सरकले आणि त्यांना ऑपरेशन करावे लागले. तारांच्या गटात असा एकच. याचा अर्थ रुग्णाला समजेल अशा शब्दांत सांगता येतो: हाड समाधानकारक बसले असेल तर प्लास्टरवर थांबता येईल, दहातल्या सुमारे नऊ जणांना ऑपरेशन लागणार नाही, पण दर आठवड्याचा एक्स-रे चुकवायचा नाही. जो रुग्ण दूरच्या अहेरीहून परत येण्याची खात्री देऊ शकत नाही, त्याच्यासाठी याच आकड्यांतून उलटा निर्णयही योग्य ठरू शकतो.

साठी ओलांडलेल्यांचे निकाल आणखी बोलके आहेत. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकमध्ये 65 वर्षांवरील 73 रुग्णांत प्लेट आणि प्लास्टर यांची तुलना झाली. 2011 मध्ये छापलेल्या निकालात प्लेटवाल्यांचे एक्स-रे स्पष्टपणे चांगले होते, मुठीची ताकदही अधिक होती. रोजच्या कामात आणि वेदनेत मात्र वर्षाअखेर फरक नव्हता. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या 60 वर्षांवरील रुग्णांच्या चाचणीने 2021 मध्ये तेच सांगितले. अमेरिका, कॅनडा आणि सिंगापूरच्या 24 केंद्रांनी मिळून तारा, सांगाडा आणि प्लेट तिघांची तुलना केली. प्लेटचा हात लवकर सुधारला, वर्षाने सगळे एका जागी आले. कॉलिसचे जुने निरीक्षण इथे अर्धे खरे ठरते: वृद्ध माणसाचा हात एक्स-रेमध्ये वाकडा असूनही समाधानाने काम करतो. उरलेले अर्धे खोटे, कारण तरुण, कष्टाच्या हाताला आणि सांध्यातल्या पायरीला हे लागू होत नाही. वयाचा आकडाही आंधळेपणाने लावायचा नसतो. अडुसष्टाव्या वर्षी एकटी राहणारी, स्वतः पाणी भरणारी, काठीवर भार देऊन चालणारी बाई आणि भरल्या घरात बसून असलेली त्याच वयाची बाई यांच्या गरजा वेगळ्या.

खर्चाबद्दल मोकळेपणाने बोलणे रुग्णालयांनी टाळू नये. तारांचा साहित्यखर्च प्लेटच्या मानाने किरकोळ असतो. आज महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी राज्याची जनआरोग्य योजना आधी राजीव गांधी जीवनदायी योजना होती, आणि तिचा राज्यभर विस्तार नोव्हेंबर 2013 मध्ये नागपुरातूनच जाहीर झाला. आपले ऑपरेशन तिच्यात बसते का, हे दाखल होतानाच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे, कारण कागद नंतर जमवताना दिवस जातात. आणि मनगटाच्या बाबतीत दिवस मोलाचे. दोन आठवड्यांच्या आत बसवायला सोपे असलेले हाड महिन्याने छिन्नी घालून सोडवावे लागते.

ऑपरेशनच्या पद्धतीवर इतकी चर्चा होते, पण हात कसा राहील हे पुष्कळदा बोटांवर ठरते. प्लास्टर असो, तारा असोत की प्लेट, बोटे पहिल्या दिवसापासून पूर्ण उघडायची आणि पूर्ण मिटायची, कोपर आणि खांदा दिवसातून अनेकदा हलवायचे, हात छातीच्या वर उंच ठेवायचा. आपल्याकडे प्रेमापोटी नेमके उलटे होते. "हात हलवू नको" असे सगळे घर बजावते, हात झोळीत लोंबतो, बोटे सुजतात, आणि सहा आठवड्यांनी हाड जुळलेले असते पण मूठ वळत नाही, खांदाही धरलेला असतो. काहींचा हात चकचकीत, गरम, हात लावू न देण्याइतका दुखरा होतो. हा वेगळाच आजार आहे आणि लवकर ओळखला तर व्यायाम व औषधांनी आटोक्यात येतो. तो टाळण्यासाठी क जीवनसत्त्व द्यावे असे 1999 मध्ये नेदरलँड्सच्या एका चाचणीने सुचवले, पुढे एडिंबराच्या चाचणीत फायदा दिसला नाही. गोळी स्वस्त आणि निरुपद्रवी म्हणून अनेक डॉक्टर ती देतात. व्यायामाची जागा ती घेत नाही. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होत असेल, रात्री मुंग्या येऊन जाग येत असेल, तर तेही लगेच सांगायचे, कारण मनगटातली मुख्य नस दाबली जात असू शकते.

आणखी एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक ठिकाणी राहून जाते. उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडलेल्या पन्नाशीपुढच्या बाईचे ते बहुधा हाडांच्या विरळपणाचे पहिले फ्रॅक्चर असते. पुढच्या वर्षांत मणका किंवा खुबा मोडण्याचा धोका तिला इतरांहून जास्त असतो, आणि खुब्याचे फ्रॅक्चर मनगटासारखे सोपे नसते. त्यातून अनेक वृद्ध पुन्हा पूर्ववत चालत नाहीत. नागपूरचा सूर्य वर्षभर तळपत असला तरी ड जीवनसत्त्वाची कमतरता इथेही सर्रास आढळते, कारण दुपारचे ऊन आपण टाळतो. म्हणून तारा काढण्याच्या किंवा टाके पाहण्याच्या भेटीतच हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि थायरॉइडची रक्ततपासणी लिहून दिली पाहिजे. गरज असेल तर हाडे मजबूत करणारे औषध सुरू केले पाहिजे, आणि घरात न्हाणीघराच्या भिंतीला धरायला दांडा, घसरणार नाही अशी फरशी आणि रात्री शौचालयाच्या वाटेवर दिवा, एवढे तरी करायला सांगितले पाहिजे.